विरंगुळा केंद्रातली ओळख पडताळणी

पनवेलच्या संमेलनात स्वानंद पोंक्षे हा खरोखरचा माणूस आहे हे एकमताने सिद्ध झालं. एकमताने म्हणजे एकाच मताने. नियमाप्रमाणे दोन लागतात, त्यामुळे त्या सिद्ध होण्याचा उपयोग शून्य.

पण हे तुम्ही वाचलंच नाही. असं काही झालेलं नाही. शनिवारचे सकाळचे साडेनऊ वाजलेत, नवीन पनवेलच्या ज्येष्ठ नागरिक विरंगुळा केंद्रात चौदा खुर्च्या गोल मांडून झाल्यात, उपम्याचं पातेलं झाकून ठेवलंय, आणि स्वानंद एकेका खुर्चीवर बसून ती डुगडुगते का ते बघतोय. यायची होती सहा माणसं. पण सहा खुर्च्या मांडल्यावर हॉल उघडा पडला, म्हणून त्याने चौदा मांडल्या. आता तो जास्तच उघडा दिसत होता.

ही सहा माणसं 'आगळ'ची. आगळ म्हणजे एक ऑपरेटिंग सिस्टिम. संगणक सुरू केला की त्याच्या पोटात सगळ्यात आधी जागं होतं आणि बाकीच्यांना कामाला लावतं, ते सॉफ्टवेअर. पूर्वी दाराला आतून आडवा लाकडी दांडा घालायचे, त्याचं नाव तिला दिलंय. तिचा कोड जगासाठी उघडा: कुणीही वाचावा, खोट काढावी, दुरुस्ती पाठवावी. पगार नाही, प्रमाणपत्र नाही. आणि ती कुणावर म्हणजे कुणावर विश्वास ठेवत नाही. वापरणाऱ्यावर नाही, लिहिणाऱ्यावर नाही, स्वतःवर तर मुळीच नाही. जगभरात ती साडेचारशे संगणकांवर चालते असं म्हणतात. खरा आकडा कळायला मार्ग नाही, कारण आगळ सांगत नाही.

स्वानंद तिच्यासाठी सहा वर्षं लिहीत होता. दिवसा तो एका कंपनीचं काम विचुंब्यातल्या आपल्या फ्लॅटमधून करायचा. इमारत नवीन, सोळा मजली. संध्याकाळी खालून पाहिलं की अकरा खिडक्यांत उजेड. बारावी त्याची, पण ती तो खालून पाहत असताना बंद असायची, म्हणून मोजता येत नसे. लिफ्टमध्ये 'कृपया दार बंद करा' म्हणणारी बाई सोडली तर इमारतीत त्याच्याशी कुणी आपणहून बोललेलं नव्हतं. कंपनीचं काम झालं की तो आगळला बसायचा. त्याच्याकडे एक छोटासा विभाग होता: दोन संगणक एकमेकांशी बोलत असताना पलीकडचा अचानक गप्प झाला, तर तो मेला असं समजून संबंध तोडायचे की आणखी थोडं थांबायचं. स्वानंद तीस सेकंद थांबायचा. म्हणजे त्याचा कोड थांबायचा. स्वानंद स्वतः जास्त थांबायचा.

मात्र त्याने लिहिलेलं तो स्वतः आगळमध्ये घालू शकत नव्हता. तो अधिकार सदस्यांचा. स्वानंदने मेलने दुरुस्ती पाठवायची, कुणीतरी सदस्याने तपासून आत घ्यायची आणि नोंदीत लिहायचं: 'स्वीकारले, स.' हे 'स.' सहा वर्षं त्याच्या दुरुस्त्या घेत होते. किंवा घेत होती. किंवा घेत होतं. आगळच्या मंडळींत नाव-गाव विचारायची पद्धत नाही. स्वानंदचं नाव त्या नोंदीत कुठेच येत नसे.

सदस्य व्हायचं तर एकच वाट. मेलवर गोड बोलणारा कुणीही असू शकतो. तेव्हा दोन जुन्या सदस्यांनी उमेदवाराला समक्ष पाहायचं, ओळखपत्र तपासायचं आणि हा माणूस खरा आहे अशी साक्ष द्यायची. पडद्यावरचा चेहरा चालत नाही. सदस्यांची यादी वर्षातून एकदा बंद होते, आणि यंदा ती रविवारी संध्याकाळी सहाला बंद होणार होती. म्हणून तर हे संमेलन. दोन दिवस एकत्र बसून आगळमधल्या चुका काढायच्या, आणि अधूनमधून दोघांनी स्वानंदकडे बघायचं.

पावणेदहाला पायऱ्यांवर पावलं वाजली. स्वानंद उठून उभा राहिला. शर्टच्या बाह्या दुमडल्या, मग उलगडल्या.

दारात पांढऱ्या केसांचे दोघे उभे होते. हातात प्लास्टिकच्या पिशव्या, पिशव्यांत कागद.

"रांग इथूनच का?" त्यातल्या एकाने विचारलं.

त्यांच्यामागे आणखी चौघे होते. त्यांच्यामागे एक आजी, आणि तिच्यामागे तिचं ओळखपत्र धरायला तिची बहीण.

झालं होतं ते असं. केंद्र चालवणाऱ्या आशालताबाईंनी हॉल देताना बजावलं होतं, बाहेर फलक लाव बाबा, नाहीतर लोक येऊन पत्ते खेळत बसतात. स्वानंदने प्रामाणिकपणे फलक लावला होता: 'ओळख पडताळणी शिबिर. आपले ओळखपत्र सोबत आणावे.' आणि महिना नोव्हेंबर होता. नोव्हेंबरात पेन्शनवाल्यांना आपण जिवंत आहोत हे लिहून द्यावं लागतं. हयातीचा दाखला, मशीनवर अंगठा लावून. तो दिला नाही तर पेन्शन थांबते, मग माणूस कितीही जिवंत असो.

साडेदहापर्यंत चौदा खुर्च्या भरल्या आणि तिघे उभे राहिले. आगळच्या इतिहासातली ही सगळ्यात मोठी उपस्थिती.

"मशीन कुठाय?" आजीने विचारलं.

"इथे मशीन नाहीये आजी. हे संगणकाच्या ऑपरेटिंग सिस्टिमचं आहे. तिची सुरक्षितता वाढवायची."

"वाढवा की. आधी आमचा दाखला द्या, मग निवांत वाढवत बसा."

स्वानंदने समजावून सांगितलं. दुसऱ्यांदा समजावून सांगितलं. तिसऱ्यांदा त्याने उपमा वाढला. मंडळींनी खाल्ला, मीठ कमी आहे असं एकमेकांना सांगितलं आणि अकराच्या सुमाराला, 'पुढच्या वेळी मशीन आणत जा' अशी ताकीद देऊन सगळी निघून गेली.

एक सोडून. तो खिडकीजवळच्या खुर्चीवर तसाच बसला होता. रुंद खांद्यांचा, काळासावळा, सत्तरीचा.

"काका, खरंच मशीन नाहीये."

"ऐकलं मी. मशीन असता तरी काय, माजा आंगठा लागत नाय." त्याने अंगठा वर केला. तो पुसल्या पाटीसारखा गुळगुळीत होता. "पयला जाली ओढली, मंग बंदरात चाळीस वर्सं बोटीचं दोर. रेषा रायल्याच नाय. चार जागी लावला. मशीन बोलते, जुळत नाय. पोरगी बसलेली तिकडं, ती बोलते, बाबा, तुमी तुमीच हाव कशावरून?"

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"काय सांगनार? पटला मना तिचा."

हे काशिराम नाखवा. उरणचे कोळी. मुलगा परेश बायकोला घेऊन दुबईला गेलेला आणि त्याचा नवीन पनवेलमधला फ्लॅट सांभाळायला बाप आलेला. दमयंती, काशिरामांची बायको, चार वर्षांपूर्वी गेली. हे सगळं त्यांनी मासळीचा भाव सांगावा तसं सांगितलं.

"तुजी मानसं कवा येनार?" त्यांनी विचारलं.

"येतीलच."

बारा वाजले. एक वाजला. स्वानंदने लॅपटॉप उघडून मेल पाहिली. काही नव्हतं, पण तसंही काही नसतंच. 'पोचलं', 'बरं', 'येतो' असल्या बिनकामाच्या मेल पाठवणं आगळमध्ये असभ्य समजतात. फोन नंबर कुणाकडे कुणाचा नाही. पनवेल आणि तारीख सगळ्यांना आधीपासून माहीत होती; मंगळवारी त्याने केंद्राचा पत्ता तेवढा सहा जणांना कुलूपबंद मेलने कळवला होता. अशी मेल ज्याच्या किल्लीसाठी बंद केली असेल त्यालाच उघडते. पत्ता उघड्यावर लिहिणं म्हणजे सुरक्षित प्रणालीवाल्यांनी दार सताड उघडं टाकून झोपण्यासारखं. अशा मेलबद्दल एक अलिखित नियमही होता: जे आपल्याला उघडत नाही ते आपल्यासाठी नाही. विचारायचं नाही.

"तू नक्की करतोस काय?" दुपारी काशिरामांनी विचारलं.

"समोरचा गप्प झाला तर किती वेळ थांबायचं, ते मी ठरवतो."

"किती थांबतोस?"

"तीस सेकंद."

काशिरामांनी त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं की त्याला 'सेकंद' सुधारून काहीतरी मोठं म्हणावंसं वाटलं.

"माज्या बापाची होडी नाय आली तवा आयनी बारा दिस चूल पेटती ठेवलेली," काशिराम म्हणाले. "तेराव्या दिवशी आला. होडी नवती, बाप व्हता. बोलतो काय, भात वाड."

मग स्वानंदने आपली फाईल उघडली आणि तीसच्या जागी पंचेचाळीस केलं. संमेलनात झालेली ही पहिली सुधारणा. शेवटचीही हीच.

शनिवार तसाच संपला. रविवारी सकाळी स्वानंद आला तेव्हा काशिराम आधीच पायरीवर बसले होते. सोबत डब्यात सुक्या जवळ्याची चटणी आणि चार भाकऱ्या. "तुज्या उपम्याला चव नाय," एवढंच ते म्हणाले. बाहेरच्या फलकावर आशालताबाईंनी खडूने 'मशीन नाही' असं लिहिलं होतं, तरी दहापर्यंत पाच जण आत डोकावून गेले. आगळकडून कुणीच डोकावलं नाही.

"तुजी मानसं रागावली काय तुज्यावर?"

"रागवायला ओळख लागते काका."

"मंग पत्ता चुकला आसंल."

पत्ता चुकणं शक्यच नव्हतं. स्वानंद असल्या बाबतीत काटेकोर. मंगळवारी त्याने मेल कुलूपबंद केली आणि पाठवायच्या आधी नीट उघडते का हे बघायला एकदा स्वतःलाच पाठवून पाहिली. ती छान उघडली. मग तीच पक्की, तपासलेली मेल त्याने सहाही जणांना धाडली.

दुपारी साडेतीनला, निव्वळ दुसरं काही करायला नव्हतं म्हणून, त्याने ती पुन्हा उघडून पाहिली. पत्ता बरोबर होता. सेक्टर बरोबर, खूण बरोबर, वेळ बरोबर. मेल अगदी सहज उघडली. जरा जास्तच सहज उघडली. कुणासाठी बंद केलीय ते दाखवणाऱ्या ओळीवर त्याची नजर गेली. तिथे एकच नाव होतं.

त्याचं.

स्वतःच्या किल्लीने बंद केलेलं आमंत्रण त्याने सहा जणांना पाठवलं होतं. जगात ते वाचू शकणारा एकमेव माणूस ठरल्या वेळी, ठरल्या जागी, ओळखपत्र घेऊन हजर होता.

"काय झालं?" काशिरामांनी विचारलं. "रंग उडाला तुजा."

"काका, मी फक्त मलाच बोलावलं होतं."

काशिरामांनी भाकरी मोडली. "आलास ना पन," ते म्हणाले.

त्यानंतर स्वानंदने सहा वर्षांत केलं नव्हतं ते केलं. आगळच्या वेबसाइटवरच्या, सगळ्यांना दिसणाऱ्या फलकावर, उघड्यावर, कुलूप न लावता, केंद्राचा पूर्ण पत्ता लिहिला आणि खाली: 'चूक माझी. सहापर्यंत आहे.'

चार मिनिटांत तीन उत्तरं आली. आगळमध्ये हा वेग कुणी पाहिलेला नव्हता.

पुण्याच्या मितालीने लिहिलं होतं: 'मेल उघडली नाही. मला मुद्दाम वगळलंय असं वाटलं. विचार केल्यावर ते योग्यही वाटलं. घरीच आहे.'

डोंबिवलीच्या निनादने लिहिलं होतं: 'काल पनवेलला आलो होतो. मेल उघडली नाही, पण म्हटलं स्टेशनाबाहेर आपल्यातलं कुणीतरी दिसेल. तीन तास उभा होतो. मग लक्षात आलं, दिसतात कसे हे मला माहीत नाही. आता डोंबिवलीत. निघू का?'

तिसरं 'स.'चं. 'मी कालपासून कर्नाळ्याला आहे. पक्षी बघत होते. येते.'

उरलेल्या तिघांची उत्तरं आली नाहीत. ते यायचेच नव्हते, की अजूनही कुठे कुणाची वाट बघत उभे होते, हे शेवटपर्यंत कळलं नाही.

निनादला 'निघा' असं कळवून स्वानंदने खुर्च्या पुन्हा गोल केल्या. पाच वाजून दहा मिनिटांनी पायऱ्यांवर पावलं वाजली आणि दारात एक तिशीची मुलगी उभी राहिली. पाठीला सॅक, बुटांना लाल माती.

"तुम्ही स्वानंद?"

"हो. तू स.?"

हे दोन्ही एकाच वेळी झालं. मग तिने 'तू' धरलं आणि त्याने 'तुम्ही', आणि पुन्हा चुकलं.

"सई," ती म्हणाली. "कोल्हापूरची. ओळखपत्र?"

त्याने दिलं. तिने फोटो पाहिला, मग त्याला पाहिलं. सहा वर्षांत त्याच्याकडे इतक्या बारकाईने कुणी पाहिलं नव्हतं.

"फोटोत चष्मा नाही."

"नंतर लागला. आगळमुळेच."

"हे कोण?"

"काशिराम नाखवा. कालपासून आहेत."

"सदस्य?"

"मना इचारू नको," काशिराम म्हणाले. "मी हाय का नाय, त्याचाच वांदा चाललाय."

सईने साक्ष लिहिली, सही केली, पाठवली. मत पडलं. काशिरामांनी तिला भाकरी दिली आणि तिने ती खाल्ली, शनिवारपासून काही खाल्लं नसावं तशी.

"पक्षी दिसले?" स्वानंदने विचारलं.

"आवाज आले. दुर्बीण नव्हती." मग ती म्हणाली, "मला वाटलं, तू मला टाळलंस."

"माझी प्रत्येक ओळ तू घेतेस. तुला कशाला टाळू?"

"म्हणूनच. आपलं सगळं वाचलेल्या माणसाला समोर कशाला बोलवायचं, असं वाटलं असेल तुला. मला तरी वाटलं असतं."

त्याने लॅपटॉप तिच्याकडे वळवला. "एक दुरुस्ती आहे. तीसचे पंचेचाळीस केलेत."

"कारण काय लिहू?"

"होडीला उशीर होऊ शकतो."

तिने मान वर करून पाहिलं, मग काशिरामांकडे पाहिलं, आणि तसंच लिहिलं. खाली: 'स्वीकारले, स.'

साडेपाचला निनादची मेल आली: 'शिळफाट्याला आहे. पुढे कंटेनर आडवा.' पावणेसहाला: 'कंटेनर तसाच.' पाच छप्पन्नला: 'तळोजा.'

"सई, जरा अर्धा तास यादी उघडी नाही का ठेवता येणार?"

"घड्याळ सर्व्हरचं आहे."

"एक साक्ष पुरत नाही?"

"नियम दोनचा आहे."

"माहीत आहे. मीच सुचवला होता." ते खरं होतं. आगळसाठी त्याने केलेलं ते पहिलं काम. एक साक्षीदार फितूर असू शकतो, असं त्याने चार पानी मेलमध्ये पटवून दिलं होतं.

"आणि मी स्वीकारला होता," सई म्हणाली. "फार छान लिहिलं होतंस."

सहा वाजले. कुठे घंटा वाजली नाही, काही झालं नाही. फक्त यादीखाली 'बंद' असा शब्द आला. एका मिनिटाने निनादची मेल: 'सहा वाजले. आता येऊन उपयोग नाही. परत फिरतो.'

तो अर्ध्या तासाच्या अंतरावर होता. स्वानंदने लिहिलं: 'तरीही ये. भाकरी आहे.' त्याचं उत्तर आलं नाही. बिनकामाच्या मेलला उत्तर द्यायची पद्धत नाही.

सव्वासहाला सई उठली. कोल्हापूरची बस होती. दारात ती थांबली आणि म्हणाली, "पुढच्या वर्षी." त्यानेही "पुढच्या वर्षी" म्हटलं. फोन नंबर द्यावा असं दोघांच्याही मनात आलं असणार, कारण दोघांनीही खिशाला हात लावला. पण उघड्यावर नंबर देणं दोघांनाही जमलं नाही. ती गेली. फरशीवर लाल मातीचे ठसे राहिले, ते आशालताबाई सकाळी पुसणार होत्या.

स्वानंद खुर्च्या रचू लागला. काशिराम आपल्या खुर्चीवरून उठले नाहीत.

"दुसरा मानूस पायजेल व्हता ना?" ते म्हणाले. "मी दोन दिस बगतोय तुला. ती पोरगी तासभर बगून गेली. माजा का नाय चालत?"

"तुम्ही सदस्य नाही काका. आणि तुम्ही हयात आहात हेच अजून ठरलेलं नाही."

"मंग ल्ही तसा. आरज कर. आपन दोगांचा येकच कर, कागद वाचंल."

असे अर्ज बघणाऱ्या सदस्यता समितीचं काम यादीबरोबरच पुढच्या नोव्हेंबरापर्यंत बंद झालं होतं. बंद असलेल्या समितीकडे आलेली मेल आपोआप नष्ट होते, आणि ती सोयही स्वानंदनेच लिहिली होती. हे त्याने काशिरामांना सांगितलं नाही. रचलेल्यांतली एक खुर्ची त्याने परत खाली काढली, बसला आणि लिहायला घेतलं.

'प्रति, सदस्यता समिती, आगळ प्रकल्प.

विषय: द्वितीय साक्षीदार ग्राह्य धरण्याबाबत.

महोदय/महोदया, उपरोक्त विषयास अनुसरून सादर करण्यात येते की, अर्जदार क्र. १ स्वानंद पोंक्षे हे दि. शनिवार व रविवार रोजी विरंगुळा केंद्र, नवीन पनवेल येथे पूर्ण वेळ अस्तित्वात होते. ही बाब अर्जदार क्र. २ काशिराम नाखवा यांनी समक्ष पाहिली आहे. अर्जदार क्र. २ हेही उक्त कालावधीत हयात होते व त्यांनी चार भाकऱ्या आणल्या, ही बाब अर्जदार क्र. १ यांनी समक्ष पाहिली आहे. तरी उभयतांनी एकमेकांबाबत दिलेली साक्ष खरी मानून अर्जदार क्र. १ यांस सदस्य करून घ्यावे, व अर्जदार क्र. २ जिवंत असल्याचे पेन्शन कार्यालयास आपल्या स्तरावरून कळवावे. सोबत अंगठा (एक) जोडला आहे. त्यात रेषा आढळून न आल्यास तो कोरा समजू नये. निर्णयास विलंब होणार असल्यास अर्जदार केंद्रात बसून आहेत. समितीने पंचेचाळीस सेकंदांनंतरही संबंध तोडू नयेत, ही नम्र विनंती.'